हातातल्या जीपीएसची पारख

हातात मावणारा पहिला व्यापारी जीपीएस रिसीव्हर, मॅगेलनचा ‘नॅव्ह १०००’, १९८९ साली आला. किंमत सुमारे ३,००० डॉलर, आणि आकाशात पुरेसे उपग्रहही नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याने नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळायला सुरुवात केली. हमी एवढीच, की शंभरातल्या ९५ वेळा तुम्ही खऱ्या जागेपासून १०० मीटरच्या आत असाल. यंत्र गच्चीवर ठेवून रात्रभर नोंदी घेतल्या, तर नकाशावर ते आळीभर भटकून आलेलं दिसे. त्या दहा वर्षांत अचूकता तपासणाऱ्यांनी यंत्रापेक्षा पेंटागॉनची मर्जीच जास्त मोजली. त्याच सरकारचं तटरक्षक दल किनाऱ्यावरून दुरुस्तीचे संकेत सोडून ती चूक निस्तरत होतं, हे आणखी विशेष.

१ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली. त्याच जुन्या यंत्रांची चूक एका रात्रीत साधारण दहापट कमी झाली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. काही दिवसांतच अनोळखी माणसांनी ती हुडकली. जिओकॅशिंगचा खेळ तिथून सुरू झाला. माझ्या मते इतकी प्रामाणिक चाचणी दुसरी झाली नाही: बादली सापडते, नाहीतर सापडत नाही.

पण चूक लहान झाली तसं तिचं मोजमाप अवघड झालं. पाच मीटरची चूक पकडायला, ज्याची जागा त्याहून कितीतरी नेमकी ठाऊक आहे असा बिंदू लागतो. पडद्यावरचा ‘अचूकता ३ मीटर’ हा आकडा पुरावा नव्हे. तो यंत्राने स्वतःबद्दल बांधलेला अंदाज आहे. नोंदींचा पुंजका कितीही दाट असला, तरी तो सगळाच्या सगळा भलतीकडे असू शकतो.

आणि पुष्कळदा दोष यंत्रात नसतोच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराचं एव्हरेस्ट यांचं १८३० चं माप धरून काढलेले, तर जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मापावर. यंत्रात नकाशाशी जुळणारं माप निवडलं नाही, की सह्याद्रीतला ट्रेकर कड्याच्या भलत्याच बाजूला उभा दिसे, आणि शिव्या खाई ते यंत्र. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आणले. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या प्रसिद्ध रेषेवर उभं राहिलं तरी रिसीव्हर शून्य रेखांश दाखवत नाही. ते तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. जुनी रेषा ओळंब्याच्या दिशेवर ठरलेली, आणि स्थानिक गुरुत्वाकर्षणामुळे तिथला ओळंबा किंचित कललेला. उंचीचंही तसंच. मुंबईच्या चौपाटीवर काही मोबाइल ॲप उणे साठ-पासष्ट मीटर उंची दाखवतात, कारण ज्या गणिती पृष्ठभागापासून ती मोजतात तो इथे समुद्रसपाटीच्या तेवढाच वर आहे.

खरी कसोटी झाडीत लागते. अमेरिकी वनखात्याच्या मिसुला इथल्या केंद्राने हीच कसोटी घ्यायला दाट झाडीखाली यंत्रं तपासली. २००६ च्या सुमारास संवेदनशील चिपची यंत्रं आली आणि रानातही जागा दाखवू लागली. लोक खूश झाले. मी तेवढा नाही. क्षीण संकेत पकडणारं यंत्र कड्यावर आपटून आलेला संकेतही तितक्याच उत्साहाने पकडतं. दोन वारंवारता वापरणारी यंत्रं (फोनमध्ये २०१८ चा शाओमी मी ८ पहिला) आल्यावर असे उसने संकेत ओळखणं बरंच सोपं झालं.

स्वतः चाचणी घ्यायची असेल, तर ठाऊक असलेल्या बिंदूवर, पण रोज वेगवेगळ्या वेळी घ्या. जीपीएस उपग्रहांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटं आधी, तशीच्या तशी परत येते. रोज सकाळी सातला घेतलेल्या आठवड्याभराच्या नोंदी म्हणजे जवळपास एकच नोंद सात वेळा.