*हळद ऑनलाइन विकताय? आधी पार्सलचा हिशेब करा*



हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन घरात आली. आता रोज फोन येतायत, "सर, पावडर करून ऑनलाइन विकू का? पेज काढून द्या, जाहिरात टाकून द्या." विका, नक्की विका. पण मागच्या हंगामात माझे पैसे गेले तसे तुमचे जाऊ नयेत, म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे.

मी घरच्या हळदीचा फोटो टाकून मोबाईलवर जाहिरात दिली होती. 1500 रुपये लावले. मेसेज भरपूर आले, कुणी गुजरातमधून, कुणी आसाममधून. सगळ्यांचा एकच प्रश्न, "रेट?" शेवटी एकेक किलोच्या दोन ऑर्डरी पक्क्या झाल्या. त्यातलं एक पार्सल गिऱ्हाइकानं घेतलंच नाही, परत आलं. जाण्यायेण्याचं भाडं माझ्याच अंगावर. चूक माझीच. पार्सलला किती लागतील हे मी आधी विचारलंच नव्हतं.

हिशेब बघा. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या कुरिअरवाल्याला विचारून बदलून घ्या. एक किलोचं पार्सल पुण्याला 90 रुपये. हळद पावडर 300 रुपये किलोनं विकली तर जवळपास तिसरा हिस्सा भाड्यात जातो. तूर डाळ 150 नं विकली तर निम्म्याहून जास्त! म्हणून डाळ एकेक किलोनं कुरिअर करायच्या नादी लागू नका. तेच 20 किलोचं एक खोकं ट्रॅव्हल्सनं 300 रुपयांत गेलं, तर किलोला 15 रुपयेच पडतात.

म्हणजे आपल्याला देशभरात 20 गिऱ्हाइकं नकोत, एका गेटवर 20 पाहिजेत. ती कुठं मिळतील? आपली पोरं चाकण, हिंजवडी, हडपसरला आहेत. मुलगा, पुतण्या, भाचा जिथं राहतो त्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यानं एक मेसेज टाकायचा, ठरल्या तारखेपर्यंत ऑर्डरी घ्यायच्या आणि खोकं एकदाच पाठवायचं. त्याच्या घरी एक किलो फुकट द्या, तो पुढच्या वेळी आपण होऊन विचारेल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नाशिकच्या सह्याद्री फार्म्सनं मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत फळं-भाजीच्या तयार बास्केट पोचवल्या, त्यातही असंच होतं: एक गाडी, एक गेट, अनेक घरं. त्यांच्याकडं गाड्या होत्या, आपल्याकडं भाचे आहेत.

फोनमध्ये व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, भाव टाकून ठेवा, म्हणजे "रेट?" ला दिवसभर उत्तरं देत बसावं लागत नाही. एका ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी टाका, "नंबर सेव्ह करा, पुढच्या खोक्याची तारीख कळवू." वहीत नाव, सोसायटी, तारीख, किती किलो, एवढं लिहा. तीन महिन्यांनी त्यालाच आधी विचारा. आणि कृपा करून त्या यादीवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नका, लोक ब्लॉक करतात.

फोटो कढईचा, वाळवणाचा, स्वतःच्या शेताचा टाका. नेटवरून उचललेला नको. प्रमाणपत्र नसेल तर "सेंद्रिय" लिहू नका. वसमत हळदीला जीआय मिळालंय, पण नोंदणीकृत वापरकर्ता झाल्याशिवाय ते नाव पाकिटावर छापता येत नाही. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन पाहिजेच. पाकीट पारदर्शक घेऊ नका, उजेडानं रंग उडतो. दळायचं ऑर्डर आल्यावर, आधी दळून ठेवलं की वास जातो.

फसवणुकीचं नीट वाचा. "आर्मी कँटीनमधून बोलतोय, 50 किलो पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

आणि हो, सगळी हळद यात घालू नका. मोठा माल वसमत, हिंगोली, नांदेडच्या मार्केटलाच जाणार. पहिल्या वर्षी क्विंटलभर बाजूला ठेवा, बस.

पुण्यात कुणी असेल तर सोसायटीचं नाव आणि अंदाजे किती किलो लागतील, एवढंच याच नंबरवर पाठवा. एका भागातल्या चार-पाच जणांचा माल मिळून एक खोकं होत असेल तर ताडकळसच्या ऑफिसातून एकत्र पाठवू, भाडं किलोप्रमाणं वाटून घेऊ.

– तुमचा कृषी सल्लागार