प्रायमरी सगळ्यांना खुली केली तर?

नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या मतदारांपुढे राज्यघटनेची एक दुरुस्ती आली होती. विधिमंडळ, गव्हर्नर आणि राज्याचं मंत्रिमंडळ यांच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवण्याच्या फेरीत, प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मत देता यावं. सगळ्यांची नावं एकाच मतपत्रिकेवर असावीत आणि पहिले दोघं पुढे जावेत. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांचं एरवी कशावरच जमत नाही, पण या दुरुस्तीला दोघांनीही विरोध केला. बाजूने 57 टक्के मतं पडली, तरी ती नापास झाली, कारण तिथे घटना बदलायला 60 टक्के लागतात. कुठल्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेले 35 लाखांहून जास्त मतदार पूर्वीसारखेच प्रायमरीबाहेर राहिले. या वादात काही समजुती मात्र वर्षानुवर्षं ठाण मांडून आहेत.

‘प्रायमरी हा पक्षाचा घरचा मामला आहे.’

आपल्याकडे तिकिटं पक्षश्रेष्ठी वाटतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे चटकन पटतं. पण अमेरिकेत प्रायमरी सहसा सरकारी यंत्रणा भरवते आणि खर्च सरकारी तिजोरीतून होतो. ‘घरचा मामला’ या युक्तिवादाचा इतिहासही फारसा गौरवाचा नाही. टेक्सासात डेमोक्रॅटिक पक्ष हेच सांगून कृष्णवर्णीयांना प्रायमरीबाहेर ठेवायचा. त्या काळी तिथे या पक्षाचं तिकीट मिळालं की माणूस निवडून आल्यातच जमा होता. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ कोर्टात गेले आणि 1944 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही बंदी मोडून काढली.

पक्षांना हक्कच नाहीत, असं मात्र नाही. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये कुणाही मतदाराला कुठल्याही पक्षाचा उमेदवार निवडायची मुभा दिली. 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, कारण आपला उमेदवार परक्यांकडून ठरवून घेण्याची सक्ती पक्षावर करता येत नाही. वॉशिंग्टन राज्याने यातून वाट काढली. तिथे प्रायमरीत पक्षाचा उमेदवार ठरतच नाही, सर्वाधिक मतांचे दोघं फक्त पुढच्या फेरीत जातात. ही रचना 2008 मध्ये कोर्टात टिकली. फ्लोरिडाचा प्रस्ताव याच धाटणीचा होता.

‘प्रायमरी हुकली तर काय बिघडलं, नोव्हेंबरात मत आहेच की!’

ज्या मतदारसंघात समोर तगडा विरोधकच नाही, तिथे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत उरते ती औपचारिकता. फ्लोरिडाने हे 1998 मध्येच ओळखलं होतं. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि विजेत्यापुढे नोव्हेंबरात कुणी नसेल, तर प्रायमरी सर्वांना खुली, अशी तरतूद त्यांनी घटनेत घातली. लगेच पळवाटही निघाली. तिथे ‘राइट-इन’ उमेदवार नावाचा प्रकार आहे. त्याला ना शुल्क भरावं लागतं, ना समर्थकांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. मतपत्रिकेवर त्याचं नाव छापत नाहीत, फक्त एक कोरी ओळ असते. तरीही तो ‘विरोधक’ धरला जातो. असा एक माणूस अर्ज भरून मोकळा झाला की प्रायमरी पुन्हा बंद! प्रचार नाही, सभा नाही, पण हजारो मतदारांचा हक्क एका कागदावर गेला. माझ्या मते दुरुस्तीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ही कोरी ओळच होती.

‘खुली प्रायमरी सगळीकडे सारखीच.’

मिशिगनमध्ये मतदार पक्षाकडे नाव नोंदवतच नाहीत. ऑगस्टमधल्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि मत एकाच रकान्यात द्यायचं. दोन्हीकडे खुणा केल्या तर तो पक्षीय भाग बाद. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइट भागातून अमेरिकी संसदेसाठी डेमोक्रॅटिक उमेदवार झाले ते याच पद्धतीने. नऊ जणांच्या गर्दीत त्यांना 28 टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि तेवढी पुरली. मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची लढत सोपी गेली. म्हणजे प्रायमरी खुली असली तरी मतविभागणी सुटत नाही.

‘विरोधक घुसून मुद्दाम कमकुवत उमेदवार निवडतील.’

2008 मध्ये रेडिओवरच्या रश लिंबॉ यांनी रिपब्लिकन श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांना मत द्यायला उघड चिथावलं होतं, डेमोक्रॅटांची भांडणं लांबावीत म्हणून. उमेदवारी शेवटी ओबामांनाच मिळाली. शिवाय दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करायची तर बहुतेक ठिकाणी आपल्या पक्षातलं त्या दिवशीचं मत सोडावं लागतं. फार थोडे लोक एवढा उपद्व्याप करतात.

‘प्रायमरी खुली झाली की मवाळ, समजूतदार लोक निवडून येतील.’

हा सुधारणावाद्यांचा लाडका दावा, आणि तो सगळ्यात कच्चा आहे. अभ्यासकांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अलास्कात पहिले चार जण पुढे जातात आणि मतदार त्यांना पसंतीक्रम देतात. तिथे 2022 मध्ये ट्रम्प यांचा रोष ओढवून घेतलेल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मुरकाउस्की टिकल्या. पण त्याआधी 2012 मध्ये, वॉशिंग्टनसारखीच पद्धत स्वीकारलेल्या कॅलिफोर्नियाच्या 31व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅटांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि अंतिम फेरीत दोन रिपब्लिकनच उरले. डेमोक्रॅटांकडे झुकलेल्या त्या भागात त्यांच्या समर्थकांना नोव्हेंबरात आपल्या पक्षाचा माणूस मिळालाच नाही.

मतदारांचाही उत्साह अफाट आहे असं नाही. 2024 मध्ये नेवाडा, कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना, साउथ डकोटा आणि ॲरिझोना इथे प्रायमरी खुली करण्याचे प्रस्ताव आले आणि सगळे पडले. अलास्कात आहे ती पद्धत रद्द करण्याचा प्रस्तावही त्याच वेळी पडला, पण जेमतेम साडेसातशे मतांच्या आतल्या फरकाने.