पाठचं पोर, पुढचं पोर

मासिक सभेतली आमची भाषा पाड्यावर कधी चालली नाही. सभेत बाई म्हणजे ‘केस’. तांबी किती बसवल्या, माला-एनची पाकिटं किती वाटली, टाक्याच्या शस्त्रक्रिया किती, बिनटाक्याच्या किती, आणि सगळ्यांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, ‘शॉर्ट गॅप’ किती. शॉर्ट गॅप म्हणजे पहिलं अंगावर पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस गेलेली बाई. दुसरी भाषा भिंतीवरची. लाल त्रिकोण, हसरं चौकोनी कुटुंब, ‘पाळणा लांबवा’. आणि तिसरी कुडाच्या घरात, चुलीपाशी टेकून बोलायची. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत आरोग्य सहाय्यिका म्हणून फिरताना माझा निम्मा जीव या तीन भाषांमध्ये ये-जा करण्यात गेला. लोकांपुढे पोस्टरं येतात आणि आकडे येतात. त्यांच्या मागे काय घडत असतं, ते मला सांगायचं आहे.

एक चौथी भाषाही होती, बाहेरून येणाऱ्यांची. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली आणि सगळ्या राज्याचं लक्ष इकडे वळलं. जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं, १९९५ पासून नवसंजीवनी योजना आली, पावसाळ्यात पाड्यांवर जाणारी डॉक्टरांची भरारी पथकं आली. पाहुण्यांच्या गाड्याही येऊ लागल्या. कळवळा खरा असे, पण परतताना गाडीत बसता बसता कुणीतरी म्हणेच, ‘खायला नाही तर एवढं लेंढार कशाला?’ इंग्रजीत वर्षभरात पाठोपाठ झालेल्या दोन भावंडांना ‘आयरिश ट्विन्स’ म्हणतात. आयर्लंडहून पोटासाठी परदेशी गेलेल्या गरीब कॅथलिक कुटुंबांना हिणवायला तो शब्द निघाला. गरिबाची पोरं मोजताना श्रीमंताची जीभ सगळीकडे सारखीच वळते. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. अशा शब्दांत कारण कुठेच नसतं. लेंढार म्हटलं की चौकशी संपली. बाईला लाज नाही, अक्कल नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कारणं बघायला घरात शिरावं लागतं, आणि तिथे पोस्टरवरची भाषाही अडचणीत आणते. पाड्यावर लाकडी पाळणा क्वचितच. आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते. नव्यानं रुजू झालेली एक आरोग्यसेविका माझ्याबरोबर घरभेटीला होती. मन लावून काम करणारी मुलगी, शहराकडून आलेली. ‘पाळणा लांबवा’ इथे कळणार नाही म्हणून तिनं आपल्या मनानं सोपं करून बाळंतिणीला सांगितलं, ‘वयनी, आता तीन वर्षं ही झोळी रिकामी राहू दे.’ बाळंतीण गप्प. सासू मात्र उठली, झोळीतलं झोपलेलं पोर उचलून तिनं पदराखाली घेतलं आणि आतल्या अंधारात जाऊन बसली. आम्ही थोडा वेळ थांबलो, पण ती काही बाहेर आली नाही. आमच्याबरोबर आलेल्या पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईनं, अंगणात गाठून त्या मुलीला समजावलं, ‘रिकामी झोळी म्हणजे पोर गेलं, सिस्टर. असं कधी बोलायचं नाही.’

ज्या भागात घरटी कुणीतरी मूल गमावलेलं आहे, तिथे ‘नको’, ‘रिकामं’, ‘बंद’, ‘पुरे’ हे शब्द मुलापाशी उच्चारायचेच नसतात. जुन्या आशा, सुईणी यांना हे सांगावं लागत नाही. तीच आशाताई पुढच्या घरात कशी बोलली ते मी लक्ष देऊन ऐकलं. ‘ह्याचं दूध ह्यालाच पुरू दे गं. आपल्या पायानं अंगणवाडीत जाऊ लागला, ताटलीतलं आपल्या हातानं खाऊ लागला, की मग पाठचं.’ एवढंच. येणाऱ्या मुलाला तिनं नाकारलं नाही, असलेल्या मुलाचा वाटा राखला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका बाळंतपणानंतर निदान २४ महिने पुढची गर्भधारणा होऊ नये. म्हणजे दोन मुलांत जवळपास पावणेतीन वर्षं. आपल्या पायानं अंगणवाडीत जाणारं, हातानं जेवणारं पोर साधारण त्याच वयाचं असतं. आशाताईचा हिशेब महिन्यांचा नव्हता, पण चुकीचाही नव्हता.

कागदाचा हिशेब मात्र वेगळा. २०१२ साली केंद्र सरकारनं आशांसाठी एक प्रोत्साहन योजना आणली. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा न हलल्यास आशाला ५०० रुपये, पहिल्या-दुसऱ्या मुलात तीन वर्षांचं अंतर राहिल्यास आणखी ५००. कल्पना चांगली. अर्जात रकाना होता ‘विवाहाचा दिनांक’. आता वारल्यांत लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी एकत्र राहायला लागतात, संसार सुरू होतो, आणि विधी पुढे कधीतरी, हातात चार पैसे आल्यावर होतो. आईबापांच्या लग्नात त्यांचीच पोरं मांडवात नाचताना मी पाहिली आहेत. यात हसण्यासारखं काही नाही. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोनं वर्षानुवर्षं त्याच्याकडे वेठीनं राबायचं, असे ‘लग्नगडी’ या जंगलपट्टीत १९४५ च्या वारली लढ्यापर्यंत होते. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये ते लिहून ठेवलं आहे. कर्ज काढून लग्न न करण्यात शहाणपण आहे, आणि ते फार मोठी किंमत देऊन आलेलं आहे.

पण अर्ज भरायचा कसा? खरी तारीख लिहिली तर मूल लग्नाच्या आधीचं निघतं आणि आशाचे पैसे अडकतात. एका बैठकीत यावर बराच खल झाला. शेवटी एक आशा म्हणाली, ‘मॅडम, मी तिलाच विचारते, तू त्याच्याकडे राहायला कधी आलीस? ती सांगते, दोन पावसाळे झाले. माझं काम तेवढ्यावर भागतं. तुमचं भागत नसेल तर तुम्ही तारीख शोधा.’ सभागृह गप्प झालं. आवणीच्या वेळी, नागली काढताना, बोहाड्याच्या आधी, शिमग्यानंतर असं विचारलं की बाया जन्माची वेळ अचूक सांगत. आमचीच पद्धत महिन्यांत अडकलेली होती.

पुरुषांशी बोलायची वेळ आली की तिन्ही भाषा संपत. आमच्याकडे एक पर्यवेक्षक होते, समजावून सांगण्याची हौस असलेले. पाड्यावरच्या बायकांच्या बैठकीत त्यांनी वरकस जमिनीचा दाखला दिला. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पड ठेवता ना? तसंच बाईच्या अंगालाही विसावा हवा. बायका ऐकत होत्या. एक म्हातारी, पुढे बसलेली, म्हणाली, ‘पड जमिनीत रातचा कोणी नांगर घेऊन येत नाही, साहेब. हे आमच्या दाल्ल्याला सांगा.’ बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. साहेबांनी विषय बदलला, आणि आमच्या कार्यक्रमाचं सगळ्यात मोठं भगदाड त्या म्हातारीनं एका वाक्यात दाखवलं होतं. बैठका बायकांच्या, तांबी बायकांना, गोळ्या बायकांना, बोलणीही बायकांनाच. तो बाप्या अंगणात बाजेवर बसलेला असे, आणि आम्ही त्याच्यासमोरून त्याच्या बायकोला समजावायला आत जात असू.

आता जे सांगते आहे ते मला आजही नीट सांगता येत नाही. एका शिबिरात गरोदर बायांची तपासणी चालली होती. मी टेबलाशेजारी उभी होते. एका बाईच्या कार्डावर लिहिलेलं होतं, मागील प्रसूतीपासून अंतर ११ महिने. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला झापलं. वर्ष पण धीर धरवत नाही का, रक्त बघ किती कमी आहे, मरायचं आहे का. ती खाली बघत उभी. हातात तपासणीची चिठ्ठी, तिची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मग एवढंच म्हणाली, ‘पुढचं गेलं ना.’

पहिलं बाळ विसाव्या दिवशी गेलं होतं. कार्डावर अंतराचा रकाना होता, बाळ जिवंत आहे की नाही याची खूण दुसऱ्या पानावर होती, आणि ते पान कुणी उलटलं नव्हतं. दूध पाजणं थांबलं की आईची पाळी लवकर सुरू होते आणि लवकरच पुन्हा दिवस जातात. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना ही साखळी चांगली माहीत आहे. पाठोपाठच्या बाळंतपणांमुळे मुलं दगावतात हे आपण ओरडून सांगतो. मूल दगावलं म्हणून पाठोपाठ बाळंतपण येतं, हे सांगत नाही. आणि मन? ज्या बाईच्या छातीला दूध फुटलेलं आहे आणि प्यायला कुणी नाही, तिला ‘धीर’ कोणत्या तोंडानं शिकवायचा? मी पान उलटून डॉक्टरांपुढे धरलं. ते थबकले, आणि पुढचं सगळं हळू आवाजात बोलले. लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्त चढवण्यासाठी जव्हारला पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. बाकीच्या रांगेनं ते झापणं ऐकलं होतं, ते मात्र परत घेता आलं नाही. रांगेतल्या दोघी तपासणी न करताच निघून गेल्या.

झोळीतलं पोर जगलं आणि पाठचं आलं, तर काय होतं? त्याला जगभर नावं आहेत. माधवनिदानात ‘पारिगर्भिक’ नावाचा बालरोग सांगितला आहे. गर्भिणी आईचं दूध पिणारं मूल, खोकला, मंद भूक, ओकाऱ्या, वाळलेलं अंग आणि फुगलेलं पोट. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. अंग सुजलेल्या, केसांचा रंग गेलेल्या मुलांच्या आजाराला तिथल्या गा भाषेतला शब्द त्यांनी वैद्यकात आणला, क्वाशिऑरकर. पाठचं आल्यावर पुढच्याला जडणारं दुखणं, असा त्याचा अर्थ. तिथल्या आयांना कारण आधीच ठाऊक होतं.

आमच्या पाड्यांवरच्या आयाही हे ओळखतात, फक्त एक गाठ सोडवावी लागते. दिवस गेले की दूध ‘बाधतं’ म्हणून पुढच्याला एका दिवसात तोडतात. दूध बाधत नाही. बाधतं ते एकाएकी तोडणं, आणि त्या जागी नुसती पातळ पेज मिळणं. म्हणून पाठचं पोटात असलं तरी पुढच्याला पाजत राहा, वर डाळ, अंडं दे, हे आम्ही सांगत राहिलो. २०१५ च्या अखेरीस अमृत आहार योजना सुरू झाली, अंगणवाडीत गरोदर बाईला आणि बाळंतिणीला एक वेळचं गरम जेवण मिळू लागलं. बाई अंगणवाडीत एकटी जेवत नाही, पुढचं पोर मांडीवर असतंच, दोन घास त्याच्या तोंडात जातात. त्यावर काही जण कुरकुरले. माझ्या मते ते दोन घास योजनेचाच भाग धरायला हवेत.

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ची सुई आली, दर तीन महिन्यांनी एक, आणि ‘छाया’ची गोळी आली, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, तीन महिन्यांनंतर आठवड्याला एक. सुई अनेकींना सोयीची वाटते. घरात गोळ्यांचं पाकीट दिसत नाही, सासूला कळत नाही, नवऱ्याशी वाद नाही. पण आमच्याकडे वर्षाचे दोन तुकडे असतात. भात, नागली, वरई निघाली, दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, शिमग्याला येऊन परत जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी येतात. ऑक्टोबरात घेतलेली सुई जानेवारीत पुन्हा घ्यायची असते. चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, त्यापुढे नाही. भट्टीवर पहाटेपासून विटा थापणारी बाई दवाखाना शोधायला कधी जाणार? एक दिवस बुडाला तर उचल फिटायची लांबते. बाळ सावलीत झोळीत, थोरल्या बहिणीच्या हाती बिस्किटाचा पुडा, पाजणं दिवसातून दोनदा-तीनदा. दुधामुळे जे थोडंफार संरक्षण मिळालं असतं तेही जातं. जूनमध्ये परत आल्यावर आमच्या रजिस्टरात ‘शॉर्ट गॅप’ वाढतात आणि सभेत आशांना कारण विचारलं जातं.

एका आशानं यावर आपल्या परीनं उपाय काढला. निघायच्या आदल्या दिवशी ती प्रत्येकीचं अंतरा कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देई, पुढच्या तारखेला गोल करी आणि ‘शिमग्याच्या किती आधी’ तेही तोंडानं सांगे. भट्टी कुठल्या गावात, मुकादम कोण, हे वहीत लिहून घेई आणि तिथल्या आशाचा नंबर मिळाला तर फोन करी. हा फोन तिच्या पदरचा होता. यादी मागायला वरून कुणी आलं नाही. खरं तर ही यादी दिवाळीच्या आधी तालुक्यातून तालुक्याला, सरकारी कागदावर जायला हवी. बाईची पुढची सुई कुठल्या भट्टीशेजारच्या उपकेंद्रात मिळणार ते त्यात लिहिलेलं हवं, आणि तिच्या नावाखाली नवऱ्याचंही नाव हवं, त्याच्याशी कुणी बोललं का या रकान्यासह.