दिल्लीच्या मदरशांतला तर्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुहंमद तुघलक आपल्याला ठाऊक असतो तो राजधानी देवगिरीला हलवणारा सुलतान म्हणून. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे त्याच्या आवडीचे विषय होते, हे फारसं सांगितलं जात नाही. मध्ययुगीन इस्लाममध्ये बुद्धीला जागाच नव्हती, हा समज त्यामुळेच टिकून आहे.

गैरसमज : इस्लामी तत्त्वज्ञ धर्म नाकारत होते.

वस्तुस्थिती : इब्न सीनाने (९८०–१०३७) ईश्वराचं अस्तित्व तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. जगातली प्रत्येक वस्तू असू शकते, तशी नसूही शकते. म्हणून या सगळ्याच्या मुळाशी स्वतःच अपरिहार्य असं काहीतरी असलंच पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद. इब्न रुश्द (११२६–११९८) तर सेव्हिल आणि कॉर्डोबाचा काझी होता. ज्यांची कुवत आहे त्यांनी तत्त्वचिंतन करावं, हे धर्मच सांगतो, असं त्याने मांडलं.

गैरसमज : गझालींनी तत्त्वज्ञान संपवलं.

वस्तुस्थिती : ‘तहाफुत अल-फलासिफा’ या ग्रंथात धर्मशास्त्रज्ञ गझालींनी (१०५८–११११) तत्त्वज्ञांचे २० मुद्दे तपासले. त्यांतले तीनच त्यांनी धर्मबाह्य ठरवले : जग अनादी आहे, ईश्वराला एकेका गोष्टीचं वेगळं ज्ञान नसतं आणि मृत्यूनंतर देह पुन्हा उठत नाही. गणित आणि तर्कशास्त्राला त्यांचा विरोध नव्हता. उलट विद्वानांनी तर्क शिकावा, असा त्यांचा आग्रह होता.

गैरसमज : हा सगळा वाद दिल्लीपासून दूरच राहिला.

वस्तुस्थिती : अकबरकालीन इतिहासकार बदाउनी लिहितो की, मुलतानची वाताहत झाल्यावर शेख अब्दुल्ला तुलंबी दिल्लीत आले आणि त्यांनी इथे ‘माकूलात’, म्हणजे बुद्धिगम्य शास्त्रं, रुजवली. त्यांच्या पाठात व्यत्यय नको म्हणून सुलतान सिकंदर लोदी (१४८९–१५१७) गुपचूप येऊन कोपऱ्यात बसत असे. पुढे १५८३ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीतून विद्वान फतहुल्ला शिराझी अकबराच्या दरबारी गेले आणि या अभ्यासाला नवं बळ मिळालं. म्हणजे या ज्ञानाची एक वाट दख्खनमधूनही उत्तरेला गेली. अठराव्या शतकात दिल्लीच्या मदरसा-ए-रहीमियात शिकलेले शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) विद्यार्थिदशेतच तर्क आणि तत्त्वज्ञान शिकले होते. ‘हुज्जतुल्लाह अल-बालिगा’ या ग्रंथात त्यांनी धार्मिक आज्ञांमागची कारणं आणि लोकहित उलगडून दाखवलं.

गैरसमज : मग श्रद्धा आणि तर्क यांच्यात कधी खटका उडालाच नाही.

वस्तुस्थिती : उडाला, आणि चांगलाच. सतरा वर्षं मुहंमद तुघलकाच्या सहवासात राहिलेल्या इतिहासकार झियाउद्दीन बरनीने सुलतानाच्या कठोरपणाचं खापर साद मंतिकी या तर्कशास्त्रज्ञासारख्या मंडळींवर फोडलं. त्यांच्या संगतीने सुलतानाच्या मनातली दया आटली, असं त्याला वाटे. मात्र बरनीने हे लिहिलं ते सुलतानाच्या मृत्यूनंतर, स्वतः दरबारातून दूर फेकला गेल्यावर. त्यामुळे त्याची साक्ष महत्त्वाची असली, तरी तो निवाडा नव्हे.

तर्क हवा की नको, एवढ्यापुरता हा वाद नव्हता. तर्काने कशाचा निर्णय करावा, तो कोणाला शिकवावा आणि त्याची हद्द कुठे संपते, यावर विद्वान शतकानुशतकं भांडले. असं भांडण विचार करणाऱ्या समाजातच होतं. दिल्लीचा हा वारसा लढायांच्या आणि बादशहांच्या बरोबरीने शिकवला गेला पाहिजे.