परळच्या केईएममधलं हृदय

फेब्रुवारी १९६८. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाउनला जगातलं पहिलं होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते! रुग्ण काही तासच जगला, पण ही हिंमत एका पालिका रुग्णालयाने केली, हे मुंबईकरांनी विसरू नये.

मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट. दात्याचं हृदय काढताना मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटतात, तरी ते नव्या छातीत धडधडतं. कारण ठोका मेंदूतून निघतच नाही. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा इवलासा पुंजका आहे, वीज तोच सोडतो. आधी वरचे दोन कप्पे आकसतात, किंचित उसंत, मग खालचे दोन. त्या उसंतीतच खालचे कप्पे पुरते भरतात. उजवा फुप्फुसांकडे रक्त ढकलतो, डावा सबंध शरीराला, म्हणून डाव्याची भिंत कितीतरी जाड. ‘लब-डब’ आवाज झडपा मिटल्याचा. एका ठोक्याला साधारण ७० मिलीलिटर, मिनिटाला ५ लिटर. चाळीचे चार जिने चढलात की आणखी जास्त.

हृदयाच्या डाव्या भिंतीला स्वतःचं रक्त मात्र मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं, कारण आकसताना तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सापाच्या हृदयाला थेट आतल्या कप्प्यातूनही रक्त मिळतं. त्यावरून सेन यांनी १९६०च्या दशकात हृदयाच्या स्नायूत सुईने बारीक छिद्रं पाडायचे प्रयोग केले. पुढे परदेशात हेच काम लेझरने होऊ लागलं.