सर्वांसाठी विज्ञान : इंग्लंडमधील एका शिक्षक-संघाचा इतिहास

डुकराच्या चरबीपासून ग्लिसरीन मिळते, हा काही अलीकडचा शोध नव्हे. शीले या स्वीडिश रसायनज्ञाने अठराव्या शतकातच तेले व चरबी यांतून हा गोडसर द्रव वेगळा काढला होता. चरबी अल्कलीबरोबर उकळली असता साबण होतो व ग्लिसरीन मागे राहते. ग्लिसरीनवर नायट्रिक आम्लाची क्रिया घडविली की नायट्रोग्लिसरीन हे भयंकर स्फोटक तयार होते. असे असताना, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे जाणारी चरबी ब्रिटिश सरकारने वेळीच का रोखली नाही, या प्रश्नावर एका मंत्र्याने पार्लमेंटात उत्तर दिले, की चरबीपासून ग्लिसरीन होते याचा शोध सरकारच्या तज्ज्ञांना नुकताच लागला आहे !

या उत्तराचा दाखला देऊन रे लँकेस्टर प्रभृती शास्त्रज्ञांनी २ फेब्रुवारी १९१६ च्या 'टाइम्स'मध्ये विज्ञानाच्या उपेक्षेविषयी एक जळजळीत निवेदन प्रसिद्ध केले. राज्यकर्ते ग्रीक व लॅटिन शिकून मोठे झाले होते. विज्ञानाशी त्यांचा परिचयच नव्हता.

ही तक्रार शाळांतील विज्ञान-शिक्षकांना मात्र चांगलीच परिचित होती. इंग्लंडात ज्यांना 'पब्लिक स्कूल' म्हणतात, त्या वस्तुतः श्रीमंतांच्या खाजगी शाळा. त्यांत विज्ञानाला इतके गौण स्थान असे, की एखाद्या शाळेतील विज्ञान-शिक्षक आपल्या सहकाऱ्यांत एकाकीच पडावा. १९०० साली ईटन येथील काही विज्ञान-शिक्षकांनी इतर शाळांतील समव्यावसायिकांना एकत्र येण्याचे आवाहन केले. जानेवारी १९०१ मध्ये लंडनला पहिली सभा भरली आणि तीतून पब्लिक स्कूलांतील विज्ञान-शिक्षकांचा संघ उदयास आला. युद्धकाळात या संघाने 'सर्वांसाठी विज्ञान' अशा नावाची एक पुस्तिका काढली. भावी शास्त्रज्ञ घडविण्यापुरते विज्ञान शिकविणे पुरेसे नाही; जो पुढे वकील वा मंत्री होईल त्यालाही ते हवे, असा तिचा आशय होता. जे. जे. टॉमसन यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीनेही १९१८ साली, सुमारे सोळाव्या वर्षापर्यंत सर्व विद्यार्थ्यांच्या सामान्य शिक्षणात विज्ञान असावे, अशी शिफारस केली.

परंतु 'सर्वांसाठी' असे म्हणणाऱ्या या संघाचे स्वतःचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. सामान्य माध्यमिक शाळांतील शिक्षकांना प्रवेश मिळाला तो १९१९ साली, आणि तोही केवळ पुरुषांना. शिक्षिकांनी १९१२ सालीच आपली वेगळी संघटना उभारली होती. मुलींच्या शाळांतून विज्ञान शिकविणाऱ्या या स्त्रिया आणि मुलांच्या शाळांतील शिक्षक यांच्यापुढील अडचणी बहुतांशी सारख्याच. तरीही दोन्ही संघटना एकत्र येण्यास १९६३ साल उजाडावे लागले. पन्नास वर्षांच्या या दुराव्याचे समर्थन करणे कठीण आहे.

दरम्यान कार्य मात्र थांबले नव्हते. १९१९ साली 'स्कूल सायन्स रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू झाले. एखादा प्रयोग वर्गात फसला तर तो का फसला, कमी खर्चात उपकरण कसे करावे, अशा बारीकसारीक गोष्टी त्यातून एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या. पाठ्यपुस्तकात हे ज्ञान सहसा सापडत नाही. नाताळच्या सुट्टीनंतर जानेवारीत भरणाऱ्या वार्षिक संमेलनात सभासद स्वतः बनविलेली उपकरणे मांडून ठेवीत. भाषणांइतकीच, किंबहुना कांकणभर अधिकच, गर्दी या प्रदर्शनाभोवती होत असली तर त्यात नवल नाही; शिक्षकाला सोमवारच्या तासाची चिंता असते !

अशा अनुभवाचा संचय हाताशी होता, म्हणूनच विसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासक्रम बदलण्याची मागणी या दोन्ही संघटनांना अधिकारवाणीने करता आली. त्यांनी आखलेल्या धोरणाला नफील्ड प्रतिष्ठानाने १९६२ साली आर्थिक बळ दिले. विद्यार्थ्याने निष्कर्ष पाठ न करता प्रयोगातून त्याच्यापर्यंत पोहोचावे, या दृष्टीने शिक्षकांनीच नवे पाठ रचले आणि शाळांतून ते पारखूनही पाहिले.

१९६३ च्या एकीकरणातून जन्मलेल्या 'असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशन' या संस्थेला २००४ साली राजसनद मिळाली. प्राथमिक शाळेतील शिक्षक, तसेच प्रयोगशाळेत बाटल्या भरणारे व उपकरणे जुळविणारे साहाय्यक, यांनाही आता तिचे सभासद होता येते.