दोन घरे सोडून द्या!

शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर ठिपके मांडून घरे बांधण्याचा खेळ ज्याने कधी खेळला नाही, असा वाचक विरळाच. एकाने एक रेघ मारायची, मग दुसऱ्याने एक. ज्याच्या रेघेने चौकोन पुरा होईल, ते घर त्याचे; त्यात त्याचे आद्याक्षर. आणि घर मिळाले की लगेच आणखी एक रेघ मारायची. मारायचीच, हे महत्त्वाचे.

फ्रेंच गणिती एडुआर ल्यूका यांनी १८८९ साली हा खेळ छापून प्रसिद्ध केला. आता तो संगणकाच्या पडद्यावर आहे. रेघ आपोआप सरळ येते, घरे रंगतात, गुण मोजले जातात. ‘ही रेघ तूच मारलीस’ हे भांडणही मिटले. खेळाची निम्मी गंमत त्या भांडणात होती असे माझे मत आहे, पण ते असो.

माझा नऊ वर्षांचा नातू संगणकाशी खेळून रोज हरायचा आणि रडवेला व्हायचा. ‘तुम्ही तरी त्याच्याशी मुद्दाम हरा,’ असा घरातून हुकूम सुटला. मला ते पटेना. खोटा विजय ही खोटी नोट असते, आणि मुलांना ती अचूक ओळखता येते. त्यापेक्षा ‘दोन खेळाडू’ हा पर्याय निवडून त्याला शेजारी बसवले आणि खेळाची मेख सांगितली.

सुरुवातीला दोघेही जपून खेळतात. कुठल्याही घराला तिसरी भिंत घालायची नाही, कारण चौथी समोरचा घालणार. अशा बिनधोक रेघा संपल्या की पटावर दोन-दोन भिंतींची घरे एकमेकांना जोडून बोळ तयार झालेले दिसतात. आता ज्याची पाळी, त्याला एक बोळ उघडून द्यावाच लागतो.

समजा, नऊ घरांचा पट आहे. एक बोळ चार घरांचा, दुसरा पाचांचा. समोरच्याने चारांचा उघडला. हावरा खेळाडू चारही घरे गिळतो. पण त्याला पुन्हा रेघ मारायची असते, म्हणून पाचांचा बोळ त्यालाच उघडावा लागतो. हिशेब चारास पाच, म्हणजे हार. शहाणा दोनच घरे घेतो आणि बोळाचे पलीकडचे तोंड बंद करतो. उरलेली दोन घरे समोरच्याला एकाच रेघेत मिळतात, पण ती घेतल्यावर पाळी त्याचीच! मोठा बोळ आता त्याने उघडायचा. सातास दोन.

बँकेत उमर गेलेल्या माणसाला येणे सोडताना जीवावर येते. पण थकलेल्या कर्जात एकरकमी तडजोड आम्हीही करतच होतो : थोडे व्याज सोडायचे, मुद्दल पदरात पाडून घ्यायचे. हे तेच. सोप्या पातळीवरचा संगणक बहुधा हावराच असतो. तो याच युक्तीला फसतो.

मात्र बोळ तीन किंवा अधिक घरांचा हवा. दोनच घरे द्यायची वेळ आली, तर रेघ दोहोंच्या मधोमध मारावी. मग समोरच्याला ती परत आपल्या गळ्यात मारता येत नाहीत. आणखी एक गोम : नऊ घरांच्या पटावर पहिली रेघ मारणाऱ्याने असे लांब बोळ सम संख्येत राहतील असे पाहावे, दुसऱ्याने विषम. खरी झुंज त्यासाठीच असते. एल्विन बर्लेकँप या अमेरिकन गणितज्ञाने एवढ्याशा खेळावर २००० साली आख्खे पुस्तक लिहिले. पुढे २०१२ मध्ये बार्कर आणि कॉर्फ या संशोधकांनी संगणकाकडून चार बाय पाच घरांचा पट सोडवून घेतला. दोघेही बिनचूक खेळले तर बरोबरी, असे उत्तर निघाले.

नातवाने पहिल्यांदा दोन घरे सोडली, तेव्हा त्याचे बोट पडद्यावर बराच वेळ अधांतरी थांबले होते. मी ती घेतली. मग माझ्यापुढे पाच घरांच्या बोळाखेरीज काहीच उरले नव्हते.

सातास दोन झाल्यावर त्याने संशयाने विचारले, ‘आजोबा, मुद्दाम हरलात?’

‘मला दुसरी रेघ कुठे होती, दाखव बघू.’

त्याने पट नीट न्याहाळला, बोट ठेवून घरे मोजली, आणि सोळा घरांचा पट मांडायला घेतला.